उद्या आपल्या शाळेत पेपर आहे

शंभर प्रश्न आणि १२० मिनिटं. राज्यसेवा पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पेपरला एका प्रश्नामागे ७२ सेकंद मिळतात. एखाद्या ब्लॉकमध्ये, म्हणजे परीक्षेच्या खोलीत, प्रश्नपुस्तिका पाच मिनिटं उशिरा वाटली गेली, तर तिथल्या प्रत्येक उमेदवाराचे चार प्रश्न आपण खाल्ले. दोन-तीन वर्षं अभ्यासिकेत काढलेल्या पोरासाठी चार प्रश्न म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. उपकेंद्रप्रमुखाच्या, म्हणजे एका शाळेतल्या परीक्षेची सगळी जबाबदारी असलेल्या माणसाच्या, नेमणुकीचं पत्र आलं की आधी हा हिशोब डोक्यात ठेवावा. सील, सह्या आणि भरायचे छापील नमुने हे सगळं करायचंच आहे, पण उमेदवाराचं एकही मिनिट आपल्यामुळे जाता कामा नये.

नाशिकमध्ये जवळजवळ दर महिन्याला एखाद्या रविवारी कोणती ना कोणती परीक्षा असते. पहिल्यांदा जबाबदारी आलेल्या मुख्याध्यापकांना आणि पर्यवेक्षकांना उपयोगी पडावं म्हणून हे लिहितो आहे. हिशोबासाठी १६ ब्लॉक, ब्लॉकमागे २४ उमेदवार, एकूण ३८४ आणि पेपर ११ ते १ असं धरलं आहे. नेमक्या वेळा आणि नमुने मात्र तुमच्या परीक्षेच्या सूचना-पुस्तिकेतलेच पाळायचे.

माणसांपासून सुरुवात करू. १६ समवेक्षक (खोलीत देखरेख करणारे) लागणार असतील तर १८ जणांना आदेश द्या. रविवारी सकाळी एकाला ताप येतो, दुसऱ्याच्या घरी कुणीतरी गेलेलं असतं, हे ठरलेलं आहे. चार ब्लॉकमागे एक पर्यवेक्षक, कागदपत्रांसाठी दोन लिपिक, मजल्यामागे एक शिपाई, आणि घंटेसाठी एक स्वतंत्र माणूस. घंटेचा माणूस खरंच स्वतंत्र ठेवा. पाणी भरता भरता घंटा देणाऱ्या मामांकडून कधीतरी टोल चुकतोच, आणि चूक त्यांची नसते. ज्या समवेक्षकाचा मुलगा, मुलगी किंवा जवळचं कुणी परीक्षेला बसलं आहे, त्याचं नाव आधीच वगळा. तसं प्रतिज्ञापत्र सगळ्यांकडून घ्यायचंच असतं, पण सही घेताना तोंडी विचारलं की लोक खरं सांगतात.

आदल्या दिवशीची बैठक अर्ध्या तासात आटपता येते. त्यात नियम वाचून दाखवू नका, ते छापलेले असतात. त्यापेक्षा एक कोरी उत्तरपत्रिका, नाहीतर तिचा नमुना, फळ्यावर मोठा काढा आणि समवेक्षकाने सही कुठे करायची, कधी करायची आणि सहीआधी कोणते चार रकाने बघायचे ते दाखवा: बैठक क्रमांक, पुस्तिका क्रमांक, संच आणि उमेदवाराची सही. कोऱ्या उत्तरपत्रिकेवर आधीच सह्या करून ठेवायची काही जणांना सवय असते, वेळ वाचतो म्हणून. ती तिथल्या तिथे मोडा. ती सही म्हणजे ‘मी तपासलं’ असं लिहून देणं आहे.

आता बाकांकडे येऊ, कारण कॉपीला आळा घालण्याचं अर्धं काम बाकांची मांडणीच करते आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. पुस्तिका ए, बी, सी, डी अशा चार संचांत (प्रश्न तेच, क्रम वेगळा), त्याच क्रमाने लावलेल्या येतात. २४ उमेदवार सहा-सहाच्या चार रांगांत बसवले आणि प्रत्येक रांगेत पुढून मागे वाटप केलं, तर पहिल्या रांगेत ए, बी, सी, डी, ए, बी आणि दुसऱ्या रांगेत सी, डी, ए, बी, सी, डी असा क्रम पडतो. कागदावर मांडून बघा. शेजारी, पुढे, मागे, तिरपं, कुठेच एक संच दुसऱ्याला लागत नाही. आता तेच २४ जण आठ-आठच्या तीन रांगांत बसवा. आठला चारने भाग जातो, त्यामुळे प्रत्येक रांग एपासून सुरू होते आणि एच्या शेजारी ए, बीच्या शेजारी बी बसतो. म्हणजे चार संच काढणाऱ्यांची सगळी मेहनत वाया. वाटप नागमोडी करायला सांगितलं असेल, म्हणजे दुसरी रांग मागून पुढे, तर शेजारचे संच दोन्ही मांडण्यांत वेगळे राहतात, पण तिरप्या दिशेने काही ठिकाणी जुळतात. तिथे समवेक्षकाने जास्त फिरायचं. वाटपाचा क्रम ठरवणं आपल्या हातात नसतं. बाक कसे लावायचे ते असतं, म्हणून खोली परवानगी देईल तिथे सहा-सहाच्या चार रांगाच लावा.

याच वाटपात आणखी एक चूक वारंवार होते. चौथ्या जागेवरचा उमेदवार गैरहजर असतो आणि समवेक्षक त्याची पुस्तिका पाचव्याला देतात. तिथून पुढे सगळा क्रम एक घर सरकतो. पहिल्या रांगेतला बी आणि त्याच्या तिरप्या समोरचा दुसऱ्या रांगेतला बी एकमेकांना दिसायला लागतात. गैरहजर उमेदवाराची पुस्तिका त्याच्याच बाकावर उलटी ठेवायची, पुढच्याला पुढचीच द्यायची, आणि गैरहजेरी पक्की झाली की ती उचलून शिल्लक पाकिटात टाकायची. बैठकीत हे दोनदा सांगा.

आदल्या संध्याकाळी स्वतः १६ खोल्या फिरा. प्रत्येक बाकावर बसून बघायला वेळ नसतो, पण हाताने हलवून बघता येतो. डुगडुगणारा बाक बदला, कारण उत्तरपत्रिकेवरचा गोळा भरताना हात सरकला तर तो गोळा पुसता येत नाही. पंखा चालू करून आवाज ऐका. फळ्यावरचा धडा आणि भिंतीवरचे तक्ते झाका, विशेषतः महाराष्ट्राचा नकाशा आणि आवर्तसारणी. बैठक क्रमांकाची चिठ्ठी चारही बाजूंनी चिकटवा, नुसतं टोक चिकटवलेली चिठ्ठी सकाळपर्यंत पंख्याखाली उडून जाते. घड्याळं परीक्षेच्या दिवशीच सारखी करा, सकाळी साडेआठला, एकाच मोबाइलवरून. जे घड्याळ रखडतं ते सेल बदलत बसण्यापेक्षा सरळ भिंतीवरून काढा. चुकीची वेळ दाखवणाऱ्या घड्याळावर विसंबलेल्या उमेदवाराला नंतर काहीच उत्तर देता येत नाही. आणि शाळेची स्वयंचलित घंटा असेल तर तिचा मुख्य बटणच बंद करा. टायमर रविवार पाळत नसेल, तर ‘तासिका संपली’ची घंटा भर पेपरात वाजते आणि घाबरून निम्मी खोली मान वर करते.

सामानाची यादी लहान असते, पण त्यातली एखादी वस्तू ऐन वेळी नसली की अर्धा तास जातो: लाख, मेणबत्त्या, काडेपेटी, पितळी सील, सुतळी, दाभण, कापडी पिशव्या, रुंद चिकटपट्टी, ब्लेड, शाईचा पॅड, काळी बॉलपेनं पन्नास तरी, आणि हजेरीपटासाठी पट्ट्या. पाण्याचा हिशोब माणशी अर्धा लिटर धरला तर एका पेपरला १९२ लिटर, म्हणजे २० लिटरचे दहा जार. दोन पेपर आणि कर्मचारी धरून बावीस मागवा. एप्रिल-मे असेल तर तीस. जार जिन्यापाशी ठेवू नका, पाणी सांडतं आणि १ वाजता ३८४ माणसं त्याच जिन्याने खाली येतात.

नाशिकचं म्हणून जे काही आहे ते जवळजवळ सगळं फाटकाबाहेर घडतं. सुरगाणा, पेठ, कळवण, मालेगाव, येवला इथून येणारी पोरं पहाटेच्या एसटीने निघतात आणि सात-साडेसातलाच दारात उभी असतात. त्यांच्यासाठी बाहेरचं फाटक, एक पडवी आणि स्वच्छतागृह सातलाच उघडा. थंडीत तर नक्कीच. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती खाली उतरतो ते आपण दरवर्षी वाचतो, आणि नाशिकची सकाळही फार मागे नसते. रस्त्यावर दोन-अडीच तास कुडकुडलेल्या हाताने गोळे नीट भरत नाहीत. थंडीत स्वेटर, मफलर, कानटोप्या असतात, त्यामुळे झडतीलाही जास्त वेळ लागतो. एक रांग वाढवावी लागते.

उशीर दुसऱ्याच लोकांना होतो, शहरातल्या. नाशिकरोड स्टेशनवर उतरून गंगापूर रोडला यायचं तर मध्ये द्वारका लागते, आणि सिंहस्थासाठी निघालेली रस्त्यांची कामं आहेतच. दुसरं कारण नावाचं. एकाच संस्थेच्या शाळा-महाविद्यालयं गंगापूर रोडला, पंचवटीत, नाशिकरोडला अशी विखुरलेली असतात. उमेदवार संस्थेचं नाव वाचतो, पत्ता वाचत नाही. म्हणून फाटकावर मोठ्या अक्षरांत तीन गोष्टी लावा: उपकेंद्राचा क्रमांक, संपूर्ण पत्ता, आणि इथे असलेले बैठक क्रमांक, अमुक ते तमुक. त्याच फलकाखाली त्याच परीक्षेच्या जवळच्या उपकेंद्रांची यादी आणि तिथे जायचा रस्ता. साडेनऊला चुकलेला माणूस ओळखला गेला तर तो रिक्षाने वेळेत पोहोचतो. सव्वादहाला ओळखला गेला तर नाही. त्यासाठी फाटकावरच्या माणसाला प्रवेशपत्रावर पहिली नजर उपकेंद्र क्रमांकावर टाकायला सांगा, नावावर नंतर.

रांगांचा हिशोबही करून ठेवा. प्रवेश साडेनऊ ते साडेदहा, म्हणजे एक तास. ओळखपत्र आणि झडती मिळून माणशी ३० सेकंद धरले तर एका रांगेतून तासात १२० जण आत जातात, म्हणजे कागदावर सव्वातीन रांगा पुरतात. पण माणसं तासभर सारखी येत नाहीत. निम्मे, म्हणजे १९२ जण, शेवटच्या पंचवीस मिनिटांत येतात. पंचवीस मिनिटांत एक रांग ५० माणसं सोडते. चार रांगा म्हणजे २००, अगदी काठावर. चारपेक्षा कमी रांगा ठेवू नका, त्यातल्या दोन महिलांच्या, आणि महिलांची झडती आडोशाआड, महिला कर्मचाऱ्याकडूनच. बॅगा ठेवण्याची खोली रांगेच्या आधी असावी, नंतर नाही. उलट झालं की तपासलेला माणूस मोबाइल ठेवायला पुन्हा बाहेर येतो आणि रांग दोनदा मोजली जाते. मोबाइल बंद करून घ्या, नुसता सायलेंट नको. बॅगांच्या ढिगात गजर वाजत राहिला तर तो शोधता येत नाही.

ओळखपत्र मूळच हवं, नुसती झेरॉक्स चालत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. अडचण येते ती लग्नानंतर नाव बदललेल्या महिला उमेदवारांची. प्रवेशपत्रावर एक आडनाव, आधारवर दुसरं. विवाह नोंदणी दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र जवळ असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर फाटकावर वाद घालू नका. ‘ताई, तुम्ही आत येऊन बसा, आपण वरिष्ठांना विचारतो,’ असं म्हणून त्यांना कार्यालयात बसवा आणि समन्वय अधिकाऱ्यांना फोन लावा. निर्णय काहीही येवो, रांग थांबत नाही आणि त्या बाईंचा तमाशा होत नाही.

साडेदहाला फाटक बंद करायचं म्हणजे करायचंच. पण त्याआधी सव्वादहाला आणि दहा पंचवीसला भोंग्यावरून पुकारा करा, आणि शेवटची दोन मिनिटं उपकेंद्रप्रमुखाने स्वतः फाटकावर उभं राहावं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकावी. धावत येणारं कुणी दिसलं तर त्याला जोरात बोलवावं. वेळ झाल्यावर बंद झालेलं फाटक मात्र एकासाठी उघडलं तर आधी परत गेलेल्या दुसऱ्यावर अन्याय होतो, म्हणून उघडायचं नाही. बंद करतानाचा क्षण आणि घड्याळ कॅमेऱ्यात येईल असं बघा.

ब्लॉकमधली पुढची तीस मिनिटं घाईची असतात. पाकीट उमेदवारांसमोर फोडायचं, सील शाबूत असल्याची दोन उमेदवारांची सही घेऊन. ब्लेड पाकिटाच्या कडेने, वरच्या घडीतून फिरवा. मधोमध फिरवलं तर वरच्या पुस्तिकेचं मुखपृष्ठ कापलं जातं आणि ती बदलायची म्हणजे क्रम बिघडला. पुस्तिका वाटल्यावर सगळ्यांना एकच सूचना मोठ्याने: पानं मोजा, प्रश्नांचे क्रमांक सलग आहेत का बघा, छपाई पुसट नाही ना बघा. हे पहिल्या पाच मिनिटांत झालं तर पुस्तिका बदलता येते. पाऊण तासाने ‘सर, माझ्याकडे पान ९ दोनदा आहे’ असं कळलं तर तोवर सोडवलेलं सगळं दुसऱ्या पुस्तिकेशी जुळवताना गोंधळ उडतो. बदलून देताना त्याच संचाची पुस्तिका द्या, आणि नवा क्रमांक हजेरीपटावर आणि उत्तरपत्रिकेवर दोन्हीकडे आला आहे हे पर्यवेक्षकाने स्वतः बघावं.

आवाजाचा बंदोबस्त आठवडाभर आधी करावा लागतो. परीक्षा रविवारी आणि लग्नाची तिथीही रविवारी. छत्रपती संभाजीनगर रस्त्याला किंवा गंगापूर रोडला लॉन्सजवळची शाळा असेल तर वरात आणि बँड बाराच्या मुहूर्ताला हमखास येतात. गणपतीआधी ढोल पथकांचा सराव असतो. पोलीस ठाण्याला पत्र द्याच, पण त्याबरोबर लॉन्सच्या व्यवस्थापकाला आणि पथकप्रमुखाला जाऊन भेटा. ‘आमच्याकडे ३८४ पोरं पेपरला आहेत, एक वाजेपर्यंत वाजवू नका’ एवढं समोर जाऊन सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात. शंभर मीटरच्या आतलं झेरॉक्सचं दुकान बंद ठेवण्याचा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो, पूर्वीचं १४४. त्या दुकानदारालाही आदल्या दिवशी सांगून ठेवा.

दिव्यांग उमेदवारांच्या खोलीचा वेगळा विचार हवा. लेखनिक घेणाऱ्यांना तासामागे किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४०. त्यांचा पेपर १ वाजून ४० मिनिटांनी सुटतो. खोली तळमजल्यावर असावी हे सगळे पाळतात, आणि नेमकी तीच खोली मुख्य जिन्याशेजारी देतात. एकला सगळी शाळा त्या दारावरून बोलत बाहेर पडते आणि जादा वेळेचा निम्मा भाग गोंगाटात जातो. खोली तळमजल्यावर, पण दुसऱ्या टोकाला द्या. मोठ्याने वाचणारे लेखनिक एकमेकांना ऐकू जाऊ नयेत म्हणून एका खोलीत दोनच जोड्या बसवा, जागा असेल तर एकच. दुसरा पेपर तीनला असेल तर या उमेदवारांना जेवायला मिळणारा वेळ कमी पडतो. त्यांच्या डब्याची आणि पाण्याची सोय त्याच खोलीत करा.

शेवटचा टप्पा १२:५० च्या टोलापासून सुरू होतो. दहा मिनिटं उरली ही सूचना एकदाच द्यायची, मग समवेक्षकाने गप्प राहायचं. ‘पाच मिनिटं राहिली, चला, आवरा’ असं दर मिनिटाला म्हणणाऱ्यांना आधीच समजावून ठेवा. १ च्या टोलाला पेन खाली. कुणीही जागेवरून उठायचं नाही. उत्तरपत्रिका बैठक क्रमांकाच्या क्रमाने गोळा करायच्या, मोजायच्या, आणि आकडा जुळल्यावरच दार उघडायचं.

गोळा करतानाच सगळ्यात महाग चूक होते. उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत उमेदवाराला द्यायची असते, आणि घाईत मूळ प्रत त्याच्या हाती जाते, कार्बन आपल्याकडे राहते. मशीनला वाचायला काही उरत नाही, आणि त्या पोराला हे कळतही नाही. उपाय साधा आहे. फाडायचं काम उमेदवाराकडे देऊ नका, समवेक्षकाने स्वतः, बाकावरच, छिद्रांच्या रेषेवर घडी घालून फाडावं आणि आपल्याकडच्या कागदावर ‘मूळ प्रत’ हे छापील शब्द बोटाने टेकून बघावेत. २४ वेळा बोट टेकायला दोन मिनिटंही लागत नाहीत. मग नियंत्रण कक्षात पर्यवेक्षकाने तेच पुन्हा बघावं, उमेदवार आवारात असेपर्यंत. म्हणूनच सगळ्या ब्लॉकचे आकडे जुळेपर्यंत बाहेरचं फाटक उघडू नका. १६ ब्लॉकना वीस मिनिटं पुरतात, टेबलं चार असतील तर. एकाच टेबलावर १६ समवेक्षकांची रांग लावली की तासभर जातो आणि मागचे लोक वैतागून नीट न बघता पाकीट पुढे सारतात.

हिशोबाचा तक्ता प्रत्येक ब्लॉकचा एका ओळीत बसतो: मिळालेल्या पुस्तिका, वापरलेल्या, शिल्लक, मिळालेल्या उत्तरपत्रिका, वापरलेल्या, शिल्लक, हजर, गैरहजर. हजर अधिक गैरहजर २४ व्हायलाच हवेत, आणि वापरलेल्या उत्तरपत्रिका हजर संख्येइतक्या. पुस्तिका एखादी बदलली असेल तर तिथे एक जास्त येईल, त्याचं कारण त्याच ओळीत लिहा. आकडा जुळत नसेल तर आधी शिल्लक पाकीट उघडून बघा. गैरहजर उमेदवाराच्या बाकावरची उत्तरपत्रिका बहुतेक वेळा त्यातच भरली जाते. लाख लावायच्या आधी हे शोधणं सोपं असतं. लाख लावल्यानंतर सील फोडायचं म्हणजे पंचनामा. दिव्यांग खोलीचं पाकीट आल्याशिवाय मुख्य पेटी बंद करू नका, १:४० पर्यंत थांबायचं आहे हे लिपिकाला लिहून द्या.

समवेक्षकांचेही मोबाइल सकाळीच जमा झालेले असले पाहिजेत, उपकेंद्रप्रमुखाचा एक सोडून. पुस्तिकेचा एक फोटो ग्रुपवर पडला तर पुढची सगळी प्रक्रिया अडकते, आणि महाराष्ट्रात १९८२ पासून परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी स्वतंत्र कायदा आहे. बैठकीत हे धमकीसारखं नको, माहितीसारखं सांगा.

पेट्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गाडीत चढल्यावर पोच घ्या, वेळेसह. मग पुन्हा एकदा सोळाही खोल्या फिरा, प्रत्येक बाकाच्या कप्प्यात हात घालून. एखादं प्रवेशपत्र, एखादं आधार कार्ड मिळतंच, ते पाकिटात घालून नावाची नोंद करा, मालक संध्याकाळपर्यंत परत येतो. बैठक क्रमांकाच्या चिठ्ठ्या त्याच दिवशी ओल्या फडक्याने काढून घ्या, सोमवारपर्यंत त्या लाकडाला पक्क्या धरतात. झाकलेले तक्ते उघडा आणि घंटेचं बटण चालू करा, सोमवारी सातला शाळा भरते.